नकाशातला हिरवा पट्टा

मोहोळच्या पलीकडच्या धनगरवस्तीवर बोअर मारलं, तीनशे फूट गेलं आणि वर नुसता फुफाटा आला. हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं प्रियदर्शनी वस्तीवर पोचली. जागा तिच्याच नकाशानं दाखवली होती. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा उतार, खडक आणि झाडोरा ताडून तिनं तालुक्यात पाणी कुठं लागेल ते कॉम्प्युटरवर रंगवलं होतं. वस्तीचा माळ गडद हिरवा, म्हणजे पाणी भरपूर.

ती माळभर हिंडली. सगळीकडं वेडी बाभूळ माजली होती, पाण्यावाचूनही ऐन उन्हाळ्यात हिरवीगार राहणारी. उपग्रहाला तेवढंच दिसलं होतं.

"हितं पाणी न्हाय, हे शेंबडं पोरगं बी सांगल," मेंढरं राखणारी बाळाबाई कडाडली. "बोअरच्या गाडीवाल्यास्नी सांगितलं की आमी. ते म्हणलं, नकाशात हाय. कुणी केला गं त्यो?"

"मीच, मावशी."

"मग तू हितं कवा आलतीस?"

प्रियदर्शनीनं पिशवीतून नकाशासोबतचा अहवाल काढला. त्यात तर लिहिलं होतं, वस्तीवरच्या सात विहिरी तपासल्या, पाणी वीस फुटांवर. वस्तीवर विहीर एकच होती, तीही कोरडी.

शुक्रवार पेठेतल्या आपल्या ऑफिसात शिरताच तिनं अहवाल तिचे साहेब सयाजीसर यांच्या टेबलावर आपटला. "सर, या विहिरी कुणी मोजल्या?"

"शेजारच्या गावाचे आकडे घेतले, थोडे इकडंतिकडं करून. मुदत संपत आली होती."

"आणि लोकांनी काय प्यायचं?"

"खाली सही तुझी आहे," सर थंडपणे म्हणाले. "न वाचताच केलीस ना?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ते खरं होतं, म्हणून जास्तच. तिथंच बसून तिनं पत्र लिहिलं: विहिरींचे आकडे बनावट आहेत, सही माझी आहे, मी जागेवर गेले नव्हते, नकाशा रद्द करावा. ते तिनं स्वतः नकाशा मागवणाऱ्या सरकारी कचेरीत नेऊन दिलं, पोचेचा शिक्का घेतला. संध्याकाळी सरांचा फोन आला, उद्यापासून येऊ नकोस.

महिन्यानं नकाशा मागं घेतला गेला. ते सांगायला ती वस्तीवर गेली, तेव्हा बाळाबाई टँकरखाली हंडा लावून उभी होती.

"आता नव्यानं मोजणार आहेत, मावशी. जागेवर येऊन."

"येऊ द्या की. पर येताना पाणी संगट आणा म्हणावं. आमच्याकडं पाजाया न्हाय."

हंडा कमरेवर घेऊन ती चालू लागली. प्रियदर्शनीकडं तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.