गालावरचं बोट

घोडबंदर रोडच्या बसमध्ये कंडक्टर असलेली कांता कुणाच्या बापाला भीत नसे. सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालणारा असो की दारात लटकणारा, तिची एक नजर पुरायची. पण डॉक्टरसमोर बसली की हीच बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरीसारखी ताठ व्हायची. मोठ्या माणसापुढे तोंडाला हात लावायचा नाही, असं आईनं लहानपणीच बजावलं होतं, आणि आंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या कांताच्या लेखी डॉक्टर म्हणजे फार मोठा माणूस.

दुखणं नाकाचं होतं. सहा वर्षांपूर्वी तिनं नाकातला वाकडा पडदा ऑपरेशन करून सरळ करून घेतला. उजवी बाजू मोकळी झाली, डावी मात्र चोंदलेली ती चोंदलेलीच. सकाळी उठावं तर घसा कोरडा ठक्क, आणि पुढे आठ तासांची ड्युटी अर्ध्या श्वासावर. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही नाकात बघून पडदा सरळ असल्याचं सांगितलं आणि फवारा लिहून दिला. फवारे संपले, नाक होतं तसंच राहिलं. मग नवरा रवींद्र म्हणायला लागला की हे सगळे मनाचे खेळ आहेत. नणंदेनं विपश्यनेला जायला सांगितलं, तर कांता तेही करून आली. तिथे दहा दिवस श्वासाकडे बघायला सांगत होते. जो धड येतच नाही, त्याच्याकडे बघायचं तरी कसं?

श्वास अडायचा त्याचा तिला त्रास होताच, पण घरात आपण खोटे ठरतोय याचा जास्त राग होता. म्हणून या खेपेला ठाण्याच्या डॉक्टर रचनांकडे जाताना तिनं रवींद्रला सोबत ओढलं. काय ते स्वतःच्या कानांनी ऐका, म्हणाली. त्यानंही अट घातली: या डॉक्टरनंही काही नाही म्हटलं, तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. कांतानं बेधडक हो म्हटलं.

डॉक्टर रचनांनी चिमट्यानं नाकपुडी उघडून दुर्बिणीतून पाहिलं, जुना स्कॅन उजेडात धरला. पडदा अगदी सरळ होता. आत बाजूला मांसल गाद्या असतात, त्या सुजल्या तर लहान करता येतात, असं त्यांनी समजावलं. पण कांताच्या गाद्या फवाऱ्यानं आधीच आवळलेल्या होत्या. त्या कापून उगाच नाक कोरडं करायला डॉक्टर तयार नव्हत्या.

रवींद्र खुर्चीत आरामात रेलला. "मी हेच सांगतोय, मॅडम. हिला नुसती सवय लागलीय. घरी दिवसभर गालाला बोट लावून गाल ओढत बसते. लोक विचारतात, दाढ दुखते का म्हणून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुठे बोट लावता? दाखवा बरं."

कांता ओशाळली. मग नाकाशेजारी बोट ठेवून तिनं डावा गाल कानाकडे ओढला. असं केलं की श्वास येतो, पण ड्युटीवर दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले, असं म्हणाली. आधीच्या डॉक्टरांना हे दाखवलं होतं का, असं विचारल्यावर तिला नवलच वाटलं.

"त्यांच्यासमोर कशी गाल ओढत बसू? बरं दिसतं का ते?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी तिला हात खाली ठेवून जोरात श्वास घ्यायला लावला आणि रवींद्रला जवळ बोलावलं. घट्ट लस्सी ओढताना कागदी नळी चपटी होते, तशी डाव्या नाकपुडीची भिंत प्रत्येक श्वासाला आत बसत होती. तपासताना चिमटा तीच भिंत उघडी धरायचा, मग दोष दिसणार कुठून? डॉक्टरांनी बोथट टोकाची बारीक काडी आत घालून भिंतीला हलकासा आधार दिला.

"आता घ्या."

कांतानं श्वास घेतला. तो कुठेही न अडता पार पोटापर्यंत गेला. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला. डॉक्टर काडी काढायला लागल्या, तसं तिनं त्यांचं मनगटच धरलं.

"जरा राहू द्या ना, मॅडम."

डॉक्टरांनी काडी तशीच धरून ठेवली आणि धरल्या धरल्या सगळं सांगितलं. कानामागून कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, तुकडा काढून त्या भिंतीला आधार म्हणून बसवायचा. एकदा कापलेलं नाक आहे, त्यामुळे काम जास्त नाजूक. त्या बाजूनं नाक थोडं जाड दिसेल. बऱ्याच जणांना आराम पडतो, पण लेखी हमी कुणी देणार नाही.

"दिसू दे जाड," कांता काडीसकट म्हणाली. "मला काय आता बोहल्यावर चढायचंय?"

आणि ती पुन्हा श्वास घेत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. रवींद्र बाजूला उभा राहून तो आवाज ऐकत होता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण आपल्या बायकोचा पुरा श्वास त्यानं आज पहिल्यांदा ऐकला.

"जवळची तारीख बघा, मॅडम," तो म्हणाला. "इतकी वर्षं मीच हिला खोटं ठरवत होतो."