अबोल, पण चांगला

लग्नाच्या चौकशीत कोणी खरं सांगत नाही. तापट मुलाला 'जरा स्पष्टवक्ता' म्हणायचं, आळशाला 'शांत', आणि ज्याच्याबद्दल फारच वाईट ठाऊक असेल त्याच्याबद्दल 'आमचं फारसं येणंजाणं नाही' असं सांगून मोकळं व्हायचं. काय ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. कुमुदिनीला ही रीत चांगली माहीत होती. त्यामुळे पुण्याहून तिच्या बालमैत्रिणीचा, पद्मजाचा, फोन आला तेव्हा ती अडखळली नाही.

"तुमच्या समोरच्या फ्लॅटमधला सिद्धांत कसा आहे गं? आमच्या वैभवीला त्याचं स्थळ सांगून आलंय. गुरुग्रामची चौकशी आम्ही इथून काय करणार? तू म्हणशील तसं."

"अबोल आहे, पण चांगला आहे," कुमुदिनी म्हणाली.

सोसायटीत त्याला असं दुसरं कोणी म्हणत नव्हतं. वॉचमन त्याला अकडू म्हणायचा. सोसायटीतल्या मराठी बायकांनी तर शिष्ट, तुसडा, माणूसघाणा अशा पदव्या केव्हाच देऊन टाकल्या होत्या. कुमुदिनीला ते पटत नसे, कारण तिचा नवरा राजीव पक्का घुमा. दिवसदिवस तोंड उघडायचा नाही, पण ती तापाने पडली की उशाशी बसून मोसंबी सोलायचा. न बोलणाऱ्या माणसाला आतून माया असतेच, हे तिने संसारात शिकून ठेवलं होतं, आणि एका नवऱ्यावरून जगातल्या सगळ्या घुम्यांना पास करून टाकलं होतं.

लग्न ठरलं. साखरपुड्याच्या आधी सिद्धांतची आई, कल्पना, सोनेरी कागद आणि लेस घेऊन कुमुदिनीकडे आली. पुडा इथेच सजवू का, म्हणाली. घरात पसारा झालेला सिद्धांतला चालत नाही. ही बाई एरवी मुलाबरोबर लिफ्टमध्ये भेटायची तेव्हा खाली मान घालून उभी असायची. आज मात्र ती अशी काही बोलत सुटली की कुमुदिनीला हुंकार द्यायलाही फट मिळेना. माहेरची नदी, शाळेतलं नाटक, सासूने चोरून खाल्लेले लाडू. हसताना तिच्या हातातला डिंक साडीवर सांडला, तरी ती हसतच होती.

बेल वाजली. दारात सिद्धांत होता, ऑफिसातून लवकर आलेला.

कल्पनाचं वाक्य अर्ध्यात तुटलं. तिने कागदाचे तुकडे मुठीत गोळा केले आणि पदर पुढे ओढून साडीवरचा डाग झाकला. सिद्धांतने आधी आईच्या मुठीकडे पाहिलं, मग झाकलेल्या डागाकडे, आणि बघत राहिला. कल्पनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काकू, आईने काही त्रास दिला नाही ना?" त्याने अगदी अदबीने विचारलं.

"छे, छे," कुमुदिनी म्हणाली. आपला आवाज खाली गेलाय, हे तिला बोलल्यावर कळलं. स्वतःच्या घरात, मुलाच्या वयाच्या पोरासमोर ती हात मागे धरून उभी होती. तिला भीती वाटली होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

त्या दोघांच्या मागे दार लागलं. समोरच्या घरातून काही ऐकू येईल म्हणून ती बराच वेळ कान देऊन थांबली. भांडण नाही, आवाज नाही, काहीच नाही. स्वतः न बोलणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दांची रास आहे. ज्याच्यासमोर दुसऱ्याची वाचा बसते, त्याला काय म्हणायचं? राजीवच्या शेजारी बसून तिने जन्मभर बडबड केली होती. हा फरक तिच्या आज ध्यानात आला, आणि वैभवीचा साखरपुडा रविवारी होता.

साखरपुड्यासाठी सिद्धांत आईच्या आधी पुण्याला गेला. दोन दिवस कुमुदिनी फोन हातात घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. ठरलेलं लग्न मोडल्याचा ठपका नको, म्हणून ती गप्प राहिली. मग कल्पनाचा पांढरा चेहरा आठवला आणि तिने भरदुपारी फोन लावला.

"मारतो का? पितो का?" पद्मजाने घाबरून विचारलं.

"नाही."

"मग काय करतो? हॉल ठरलाय, कुमुद. काहीतरी धड सांग."

"वैभवीला दे जरा," कुमुदिनी म्हणाली.

वैभवी म्हणजे फोन हातात आला की अर्धा तास न सोडणारी पोर. समोरच्याला 'हॅलो'सुद्धा पुरतं म्हणू द्यायची नाही.

"हो, मावशी," ती आज एवढंच म्हणाली.

"अंगठी घेतली का?"

"हो, मावशी."

"आवडली?"

"हो, मावशी."

कुमुदिनीने आवाज खाली आणला. "वैभू, सिद्धांत तिथे बसलाय का?"

"हो, मावशी."

"तुला त्याची भीती वाटते का गं?"

पलीकडे ताटात चमचा ठेवल्याचा आवाज आला. मग वैभवी बोलली, त्याच गोड, सपाट आवाजात.

"हो, मावशी."

"आईला फोन दे, आणि तिच्याजवळून हलू नकोस."

पद्मजा फोनवर आली.

"पद्मा, मी तुला चुकीचं सांगितलं," कुमुदिनी म्हणाली. "हे लग्न मोड. वाटलं तर माझं नाव सांग."