रिकाम्या पेशीतला प्राणबिंदू

टीव्हीच्या पडद्याला कुंकू लावलेले होते आणि दिवाणखान्यात पाऊल ठेवायला जागा नव्हती. नाचणगावचे धान्यव्यापारी नानाजी यांच्या घरी सूक्ष्मानंद महाराजांचे ‘पेशीदर्शन’ चालले होते. महाराजांच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडलेला होता. भक्ताच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर आले की पडद्यावर बशीएवढाली वर्तुळे तरंगू लागत.

“पाहा! ही तुमची पेशी. मधोमध काय आहे? रिकामं! प्राण उडाला, टरफल उरलं! यालाच डॉक्टर कधी शुगर म्हणतात, कधी बीपी म्हणतात, आणि गोळ्या देतात!”

मग महाराज भक्ताला मंतरलेले पाणी पाजीत, दुसरा थेंब घेत, ती पट्टी तांबडे वस्त्र पांघरलेल्या पेटीत ‘संस्कारा’साठी ठेवीत. अकरा जपांनंतर बाहेर आलेल्या पट्टीवर प्रत्येक पेशीच्या पोटात गडद ठिपका दिसे. “प्राणबिंदू! प्राणबिंदू!” असा गजर उठे. नानाजींच्या पत्नी सुलोचनाबाई यांनी तर निरांजन घेऊन पडद्यालाच ओवाळले.

बायकांच्या शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून, घरची सून रुचिका बसली होती. तिच्या मांडीवर नऊ वर्षांच्या गुंजनचे डोके होते. या मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. चार वर्षे ती इंजेक्शनवर जगत होती. “सुई आणि संजीवनी एका देहात नांदत नाहीत,” असे महाराजांनी आदल्या दिवशी बजावले, आणि नानाजींनी फ्रिजमधले सारे इन्सुलिन लोखंडी कपाटात कोंडून किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. सकाळी रुचिका औषधाच्या दुकानाकडे निघाली, तर नवऱ्याने, धीरजने, स्कूटीची चावी काढून घेतली. मोबाइल सासूच्या बटव्यात होता. जिन्याच्या पायऱ्यांवरही भक्त बसलेले होते.

“आई, मले पाणी दे ना,” गुंजन पाचव्यांदा म्हणाली. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास येत होता. रुचिकाला त्या वासाचा अर्थ ठाऊक होता. रक्तात साखर तुडुंब भरलेली. पण इन्सुलिनवाचून पेशीचे दार उघडत नाही, आणि पेशी आत उपाशी कोंडलेली.

“हिले दवाखान्यात नेऊ द्या,” ती सासूच्या कानाशी लागली.

“चूप बस वो! गावासमोर घराची नाचक्की करतं का?”

रुचिकाने हताशपणे पडद्याकडे पाहिले, आणि तिची नजर तेथेच खिळली. पाण्यापूर्वीच्या पेशी गोल होत्या, पाण्यानंतरच्या लांबट. वर्ध्याच्या कॉलेजात तिने प्राणिशास्त्राच्या वहीत या दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढल्या होत्या, आणि दोहोंखाली एकाच प्राण्याचे नाव नव्हते.

ती गुंजनला कडेवर घेऊन उभी राहिली. “मामाजी,” ती सासऱ्यांना म्हणाली, “तुमी परखी लावल्याबिगर तुरीचं पोतं घेता का?”

सारी सभा वळली. नानाजी सख्ख्या भावाच्या पोत्यातही लोखंडी परखी खुपसून तळाचा दाणा तळहातावर घेतात, हे पुलगावच्या बाजारात पोरासोरांनाही माहीत होते.

“नाई. पण हे आता काऊन विचारून राह्यली, सूनबाई?”

“मंग या पेटीलेच काऊन सोडलं? रक्त तुमचं, पाणी तुमीच प्या. पट्टी मात्र पेटीत नाई जाणार. इथंच, सगळ्याईसमोर राहीन.”

“माई, संशयाच्या नजरेपुढं प्राणबिंदू लाजतो!” महाराज म्हणाले.

“आमची तूर तं कवाच लाजली नाई, महाराज!” दाराशी बसलेला बाबाराव हमाल उद्गारला. हशा पिकला.

नानाजी हसले नाहीत. एकीकडे गुरू होता, दुसरीकडे चाळीस वर्षांची सवय. त्यांनी बोट पुढे केले.

पाणी झाले, थेंब झाला, उघड्या टेबलावर अकरा जप झाले. पडद्यावर पेशी उमटल्या: गोल आणि रिकाम्या. ठिपका एकाही पेशीत नव्हता.

रुचिकाने तांबडे वस्त्र ओढले. पेटीत आधीच माखून ठेवलेल्या काचपट्ट्यांची ओळ होती, आणि खाली रक्ताने भरलेली एक बाटली.

“हे माणसाचं रक्त नाई, मामाजी. लांबट लाल पेशी, अन् तिच्या पोटात केंद्रक, हे पाखराचं लक्षण. कोंबडीचं रक्त असंन. दुकानातून थेंब आणून ताडून पाहा तुमी. मले आधी किल्ली द्या.”

ज्या घरात अंडे कधी उंबरा ओलांडून आले नव्हते, त्या घरच्या कुंकू लावलेल्या पडद्याकडे नानाजींनी एकवार पाहिले. सुलोचनाबाईंच्या हातातले निरांजन अजून जळत होते. नानाजींचा हात करगोट्याकडे गेला. पण गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी करगोटाच तोडला.

“धीरज, गाडी काढ!”

इंजेक्शन देऊन गुंजनला वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. इकडे बाबारावाने कोंबडीच्या दुकानातून रक्त आणले आणि त्याच सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तेच लांबट आकार, तेच ठिपके. जिना भक्तांनी भरलेला असल्यामुळे महाराजांना पोलीस येईपर्यंत बाहेर पडता आले नाही.

चौथ्या दिवशी गुंजन घरी आली, तेव्हा कपाट उघडे होते आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये परतले होते.

माणसाची लाल पेशी पक्व होताना आपले केंद्रक टाकून देते, ते प्राणवायू वाहून नेण्यास अधिक जागा व्हावी म्हणून. महाराज ज्या रिकामेपणाला मरण म्हणत होते, त्याच्याच बळावर त्या दिवाणखान्यातला प्रत्येक जण श्वास घेत होता, स्वतः महाराजसुद्धा. पोत्याला परखी लावल्याने कोणत्याही देवाचा अपमान होत नाही. मग लेकराचा जीव ज्यावर टांगायचा, त्या पेटीवरचे वस्त्र दूर करण्यास आपण का कचरावे?