चारांतले दोन

रिकाम्या होल्डरला मीटरची दोन टोकं टेकवून चेल्याने आकडा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"तेरा व्होल्टच्या वर गेलंय," तो म्हणाला. "बाराच्या बल्बला एवढं दिलं तर तो टिकणार कसा, मास्तर?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. चाळीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाच्या स्वयंपाकघरात दिवे बघायला दुसरा वायरमन यावा, याहून मोठी नाचक्की ती कोणती! त्यातून आलेला त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच पिकल्या केसांचा. त्याला पाठवलं होतं बायकोने, परगावी लेकीच्या घरी बसल्या बसल्या.

नात झाली म्हणून ती महिन्याभरासाठी गेली होती. नातीला आता दात आले. निघताना मास्तरांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "माझं काही अडत नाही. खुशाल राहा." ते शब्द आता कोणत्या तोंडाने मागे घ्यायचे? आणि फोन करून तरी काय बोलायचं? मग कपाटाखालचे दिवे मदतीला धावून आले. दर आठ-दहा दिवसांनी एक बल्ब उडायचा आणि मास्तर फोन लावायचे, "अगं, परत गेला." बल्बवरून गोष्ट नातीवर, नातीवरून जावयाच्या घोरण्यावर जायची. पंधरा मिनिटं तिचा आवाज कानावर पडायचा. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा. शेवटी तीच कंटाळली आणि म्हणाली, "तुम्हाला आता मान वर करून काम जमत नाही. मी त्याला सांगते."

चेल्याने कपाटाखालून हात फिरवत नेला. सिंकच्या बाजूला आणखी एक होल्डर रिकामा लागला.

"हे दोन बल्ब कुठे गेले?"

"काढलेत."

"ट्रान्सफॉर्मर चार बल्बांचा आहे. दोनच ठेवले की उरलेल्यांवर व्होल्टेज चढतं. हे तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्याच आठवड्यात. मी चुकलो तेव्हा केवढे डाफरला होतात!"

"माहीत आहे."

चेल्याने त्या होल्डरांखालच्या ओट्याकडे पाहिलं.

सिंकच्या त्या बाजूला ती उभी राहायची. ती गेली त्या संध्याकाळी मास्तरांनी सवयीने बटण दाबलं आणि ओट्याचा तो रिकामा तुकडा लख्ख उजळला. ताट तसंच झाकून ते उठले. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून त्यांनी ते दोन बल्ब काढले. बाकीच्या दोघांचं काय होणार हे त्यांना काढतानाच ठाऊक होतं. तरी काढले, आणि मग परत लावायचं मन होईना.

चेल्याचा फोन वाजला. त्याने तो ओट्यावरच ठेवून स्पीकर लावला.

"सापडलं का रे?" तिचा आवाज स्वयंपाकघरभर झाला.

चेल्याने मास्तरांकडे पाहिलं.

"काकू, जरा किचकट दिसतंय," तो म्हणाला. "अजून एक-दोन चकरा माराव्या लागतील."

सरळ सरळ थाप होती. चुकीचं काम कधी खपवून न घेतलेल्या गुरूसाठी चेल्याने मारलेली. मास्तरांना भरून आलं. त्यांनी फोन उचलून जवळ घेतला.

"किचकट बिचकट काही नाही," ते म्हणाले. "तुझ्या बाजूचे दोन मीच काढून ठेवलेत. म्हणून बाकीचे उडतात."

"अहो, पण का?"

"तिकडे बघवत नाही."

पलीकडे नात चमचा की काय ते आपटत होती, तेवढंच ऐकू येत होतं. चेल्याने पिशवीतली अवजारं बाहेर काढली आणि पुन्हा एकेक करून आत ठेवायला लागला.

"कधी येतेस?" मास्तरांनी विचारलं.

तिचा आवाज ओला होता आणि त्यात राग होता.

"एवढं विचारायला सात महिने घेतलेत. मी मेली दर वेळी फोन वाजला की वाटायचं, आज विचारतील. आणि तुमचं आपलं एकच. बल्ब गेला, बल्ब गेला."