तासगावच्या समुद्राचा मीटर

मित्रांनो, विश्वास बसणार नाही तुमचा. कुणाचाच बसत नाही. पण तासगावात समुद्र आहे, आणि त्या समुद्राची नाडी गेली नऊ वर्षे मी एकटा बघतो.

मी एक जुना लेदर आहे. लेदर म्हणजे मऊ प्रवाळ. दिसायला अळंबीसारखा, कातडे चपलेसारखे चिवट, डोक्यावर शेकडो बारीक बोटे. समुद्र म्हणजे बेदाण्याचे व्यापारी तौसीफभाई यांच्या दुकानातली काचेची टाकी. तुम्ही दोघी कोळंब्या आज सकाळीच आलात. इथले पाणी अंगवळणी पडेपर्यंत पिशवीतच तरंगणार. तोवर माझे चरित्र ऐका. खडकाआड ती म्हातारी नारिंगी मासळी दिसते ना, ती आक्का. तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती फारशी बोलत नाही.

माझी आई सांगलीतल्या एका हौशी माणसाच्या टाकीत होती, परातीएवढी. तिच्या कडेचा तुकडा ब्लेडने कापून दगडाला रबराने बांधला, तो मी. या टाकीत आक्काच्या पाठोपाठ मलाच सोडले. मी बोटे उघडली की पाणी चांगले. मिटली की मीठ कमीजास्त, नाहीतर पाणी तापलेले. “ह्यो माजा मीटर,” तौसीफभाई सांगत. द्राक्षबागायतदार सयाजीराव बेदाण्याचा भाव विसरून माझ्यापुढे उभे राहत. “लय इमानी हाय गड्या हे!” काय दिवस होते!

मग मशाल आली. टणक हाडांचे प्रवाळ, टोके सोनेरी. तिच्यासाठी नवा दिवा आला आणि मला कोपऱ्यात सरकवले. गिऱ्हाइके तिच्यासमोर फोटो काढत, माझ्याकडे पाठ करून. मला काही वाटले नाही. मन मोठे ठेवावे.

एकदा पाणी बदलताना दुकानातली बादली फुटली. तौसीफभाईंनी सयाजीरावांच्या गाडीतली घेतली. बागेवर फवारायचे मोरचूद कालवायची बादली ती. मोरचूद म्हणजे तांबे, आणि तांबे मासे एक वेळ सोसतात, पण आम्हा प्रवाळांना, गोगलगायींना, कोळंब्यांना ते विष.

“आवं, बुडाला निळं दिसतंय,” तौसीफभाईंच्या पत्नी समीनावहिनी म्हणाल्या.

“इसळलीया मी, दोनदा.”

पाणी पडताच माझ्या बोटांची आग झाली. मी कडकडून मिटलो! आम्हाला ओरडता येत नाही, मिटणे हीच आमची हाक. आठ दिवस मुठीसारखा मिटून राहिलो. वहिनी म्हणाल्या, “मीटर का बंद हाय? किटनं पाणी तपासा.” तौसीफभाईंनी मोबाइलवरून मान वर केली नाही. “कात टाकत आसंल. टाकतो की अधनंमधनं.”

आधी गोगलगायी काचेवरून गळल्या. मग कोळंबी उलटी पडली. पाचव्या दिवशी मशालीचे मांस हाडावरून सुटले, भिजलेल्या कागदासारखे. मी सगळे बघत होतो.

आता दर शुक्रवारी किटच्या बाटल्या निघतात, नळ्यांत रंग बघतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. मला मीटरही म्हणत नाहीत. इमानाचे हे असे होते. पण पोरींनो, तुम्ही माझ्यावरच नजर ठेवा. मी उघडा असेन तोवर निर्धास्त खा, प्या. आणि मित्रांनो, जो तुमच्यासाठी मिटतो, त्याला कधी कोपऱ्यात...

“आठ दिस मिटला हुतास?”

आक्का, मध्ये बोलू नकोस.

“एक दिसबी न्हाई. ताटाएवढा फुलला हुतास की रं! समीनानं किट मागितलं तवा तौसीफ म्हणला, ‘मीटर उघडा हाय, पाणी झ्याक हाय.’ अन् तू मशालीकडं बघत हुतास. माजे कल्ले साफ करायची ती कोळंबीबी त्यातच गेली.”

आक्का...

“पोरींनो, बघा. आता मिटला. पाणी चांगलं आसताना.”