निशाणी सतरा

मी दगड बोलतोय. हसू नका. अक्कल नसलेल्या माणसाला तुम्ही दगड म्हणता, हे मला ठाऊक आहे. पण औरंगाबादच्या कोर्टात साक्ष देऊन आलेला दुसरा दगड पाहिला असेल, तर दाखवा!

माझा जन्म कन्नड तालुक्याच्या डोंगरातला. एका भिल्ल जोडप्यानं मला ओढ्यातून उचलून आपल्या शेताच्या हद्दीवर उभं केलं, शेंदूर फासला. दर साली पहिलं कणीस माझ्यापुढं यायचं. जमिनीचा कागद त्यांच्याकडं नव्हता. होतो तो मीच.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाल्यावर गावच्या तात्यासाहेबांनी एक कागद पुढं केला. जमीन आपली, हे भिल्ल कालपरवा मजुरीला आलेले, असा त्यांचा दावा. तेव्हा त्या जोडप्याची विधवा सून आवडाबाई शेत कसत होती. दावा हरली असती, तर चार एकर आणि झोपडी, दोन्ही गेलं असतं.

तिचे वकील गयाससाहेब. त्यांनी निरोप धाडला, "तारखेला पुरावा घेऊन या."

बाईनं पहार घेतली, मला उपटलं, गोधडीत गुंडाळलं आणि मोटारीच्या टपावर चढवलं.

मला बघताच गयाससाहेबांनी कपाळावर हात मारला. "अम्मा, ये क्या करे तुम! हद्दीचा दगड हद्दीवर असतो तोवरच साक्षीदार!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी कारकुनानं माझी नोंद केली आणि पाठीवर रंगानं लिहिलं, 'निशाणी १७'. कोर्टात पुराव्याला निशाणी म्हणतात. आमच्या डोंगरातही मला निशाणीच म्हणायचे! काळ्या कोटातल्या माणसांच्या तोंडी आपलाच शब्द ऐकून मी थक्क झालो.

तात्यासाहेबांचे वकील उठले. "असे दगड ओढ्यात शेकडो पडलेत. हा कुठं होता, कोण सांगणार?"

आवडाबाईनं हात जोडले. "साहेब, दगड म्या हलवला. जागा कुठं हलवली? खड्डा हाय ना तिथं. अजून खाली उकरा. सासूचं जातं फुटलं व्हतं. अर्धा तुकडा तिनं खुणेला दगडाखाली पुरला, अर्धा माझ्या चुलीम्होरं हाय. जुळतो का बघा."

"हे आधी का नाही सांगितलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कुणी इचारलंच नाय. समदे म्हनले, पुरावा आना."

कोर्टानं जागा पाहायला कमिशनर धाडला. दोन्ही बाजूंसमोर त्यानं खड्डा उकरला. पुढच्या तारखेला दोन्ही तुकडे टेबलावर आले. पुरलेल्या तुकड्याला पळसाचं मनगटाएवढं मूळ वेटाळलेलं होतं. कालपरवाचं मूळ एवढं जाड होत नाही. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या हातांनी तुकडे जोडले. टाकीच्या रेघा एकातून दुसऱ्यात सरळ गेल्या. शेंदूर माझ्या अंगावर होता, पण हात असते तर मीच त्या बाईपुढं जोडले असते.

निकाल आवडाबाईच्या बाजूनं लागला. तिनं मला आणून पुन्हा त्याच खड्ड्यात उभं केलं आणि कोर्टाच्या आकड्यालाही शेंदूर लावला.

ती जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिची नातसून कणीस ठेवते. अजूनही कुणीतरी वही घेऊन येतं आणि जमीन कुणाची, म्हणून मलाच न्याहाळत बसतं. बाबांनो, मी उभा आहेच, कुठं पळून जात नाही. पण माझ्याआधी त्या शेतात वाकलेल्या बाईला विचारा.