ताकदीची गोळी

ओटीवरून माजघरापर्यंत लाल डाग पाहून हेमाकाकूंचा पहिला राग निघाला तो मांजरावर. मेल्याने कुणाचा तरी मासा ओढत आणला असणार! फडकं घेऊन त्या पुसायला बसल्या आणि तिसऱ्या डागाला पाच बोटं दिसली. डाग थेट भास्कररावांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबले होते, आणि भास्करराव मजेत चहा पीत होते.

"अहो, पाय बघू तुमचा!"

तळव्यात खिळा होता, पार डोक्यापर्यंत रुतलेला. सकाळपासून मागच्या मांगराच्या छपराखाली आंब्याच्या पेट्या ठोकत होते, तिथलाच.

"अरेच्चा!" भास्करराव वाकून बघत म्हणाले. "हा कधी शिरला गो?"

काकूंच्या हातातलं फडकं गळून पडलं. करवंदीचा काटा बोचला तरी माणूस ओरडतो, आणि ह्यांना दीड इंचाचा खिळा कळू नये?

डॉक्टर मनस्विनीने खिळा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलंय. दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेली गुलाबी गोळी घेताय ना?"

"ही हातावर ठेवते ते सगळं मुकाट गिळतो मी."

"साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली की हे जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. गुलाबी गोळी त्याचीच भरपाई करते, काकू. हे कमी पडलं की नसा बधिर होतात. त्यात काकांचा डायबेटिस जुना."

ती गोळी काकूंनी नवऱ्याच्या हातावर कधी ठेवलीच नव्हती. त्यांचा हिशोब सरळ होता: साखरेची गोळी म्हणजे औषध, व्हिटॅमिन म्हणजे लाड. दिवसभर बागेत राबणाऱ्या माणसाला आणखी ताकद कशाला? ताकद हवी ती मुंबईत कंप्युटरपुढे वाळलेल्या उन्मेषला. म्हणून दर महिन्याला कुळथाचं पीठ, आमसुलं आणि ती गुलाबी पाकिटं लेकाकडे रवाना होत.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला.

"उन्मेष, त्या गुलाबी गोळ्या घेतोस ना रे?"

"त्या होय! सगळ्या खणात पडल्यात गो आई. मला काय धाड भरलीय?"

काकूंनी फोन ठेवला. आपल्याच हाताने नवऱ्याच्या पायावर धोंडा घातला, आणि त्या गोळ्या लेकाच्याही कामी आल्या नाहीत. रिक्षात त्यांनी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"हात्तिच्या!" भास्करराव हसले. "आता इंजेक्शनं सुरू झालीत ना? मग रडतेस कशाला?"

पण डॉक्टर म्हणाली होती, पायातली जाणीव थोडी परत येईल. सगळी येईलच असं सांगता येत नाही. ते काकूंनी नीट ऐकलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी भास्करराव ओटीवर आडवे होऊन पेपर वाचत होते. काकूंनी खोबरेल घेतलं आणि त्यांचा चांगला पाय मांडीवर ओढून चोळायला लागल्या. टाच, तळवा, बोटं. मग त्यांना राहवेना. अंगठ्याला त्यांनी नख लावलं, हळूच. मग जोरात. मग इतक्या जोरात की कातडीवर चंद्रकोर उमटली.

भास्कररावांनी पेपरचं पान उलटलं.

"काय गो, नुसतीच बसलीस होय? चोळणार होतीस ना पाय?"